आज रात्री

उथळसरला, पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान.
पत्रिका, बिलबुकं, रबरी शिक्के.
की-बोर्डवर पीठ बसतं, मी फुंकते,
दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतं.

परवापासून पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन येतो.
नवी विंडोज तयार आहे म्हणतो.
खाली तीन बटणं: आता. आज रात्री. नंतर आठवण करा.
'नको' असं बटण नाही.
दारात आलेल्या विमा एजंटलासुद्धा नको म्हणता येतं.

राबोडीचा सुफियान म्हणाला, ताई, घ्या करून.
दिवाळीनंतर जुनीला कोणी वाली नाही.
मग व्हायरस आला की माझ्या नावाने ओरडू नका.
मी विचारलं, आणि माझा फॉन्ट?
त्याने स्क्रू-ड्रायव्हरने कान खाजवला.
फॉन्टचं बघू.

फॉन्ट घेतला तेव्हा बारा हजार मोजले होते,
मंगळसूत्रातले चार मणी त्यात आहेत.
कंपनीचा नंबर फिरवला
तर आता ऐरोलीतला दातांचा दवाखाना उचलतो.

सुफियानच्या नव्या मशीनवर एक पत्रिका उघडून पाहिली.
'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या जागी
डॉलर, कंस, टोपी घातलेले परके ए,
खिळ्यांचा डबा उपडा केल्यासारखं.
सहा हजार फाइली आहेत माझ्याकडे.
मुंजी, वास्तुशांती, कोरगावकरांच्या तिन्ही मुलींची लग्नं,
त्यातल्या मधलीचं दोनदा.

आणि वेलांटी.
माझ्या हातात आधी ऱ्हस्व वेलांटी येते,
ती कोरी हवेत टाकायची,
मग तिच्याखाली अक्षर सरकवायचं.
सव्वीस वर्षं प्रत्येक 'चि.' मी असाच लिहिला,
आधी छत्री, मग च.
नव्यात म्हणे आधी च, मग वेलांटी, बोलतो तसं.
बरोबरच आहे ते.
पण डाव्या तर्जनीला कोण समजावणार?

संध्याकाळी मिलिंद पाटणे आला.
हातात आईच्या तेराव्याचं जुनं कार्ड, घडीवर फाटलेलं.
आता बाबा गेले, म्हणाला.
मजकूर तोच ठेवा, नाव आणि तारीख फक्त बदला.
फाइल मिनिटात सापडली.
'कै. सौ.' काढून 'कै.' केलं,
'आमची' पुसून 'आमचे'.
तो माझ्या खांद्यावरून वाचत होता.
बाबांना वात्सल्यमूर्ती?
मी कर्सर तिथे नेऊन थांबले.
गिरणीचा पट्टा फटफटत होता.
राहू द्या, म्हणाला.
चाळीस प्रती काढल्या.
सुटे नव्हते, वीस रुपये तसेच सोडून गेला.

तो गेला आणि चौकोन आला.
सगळं दोन पेन ड्राइव्हवर उतरवलंय मी,
एक देवापाशी, एक पर्समध्ये.
फाइली उतरतात.
त्या वाचणारं मशीन कशात उतरवायचं?
असं किती दिवस टोलवणार.
मी 'आज रात्री'वर क्लिक केलं.
चौकोन हसल्यासारखा मिटला.
म्हणाला, बंद करू नका, प्लग लावून ठेवा.

दिवा घालवला. उदबत्तीची राख झटकली.
शटर अर्धं ओढून, वाकून, हात आत घालून
मेन स्विच खाली पाडला,
रोज पाडते तसा.

हे मला भाजीवाल्यापाशी आठवलं.
माघारी जायला चार मिनिटं, किल्ली हातातच.
गिरणीवाल्याने अजून शेवटचा डबा दळायला घेतला होता,
त्याची घरघर इथवर येत होती.
कोथिंबीर दहाला जुडी.
मी देठं चाचपून पाहिली,
दोन घेतल्या.